भाऊबीजेला मी ताटात काही का घेत नाही

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते, नाहीतर दर दिवाळीला हसून सोडून देते. "भाऊ एवढं देतोय तर घे की, कसला ताठा?" ताठा नाहीये हो.

2024 ची भाऊबीज. भावाच्या सोयाबीनला हमीभाव क्विंटलला 4892 आणि बाजारात अडत्याकडे चार हजारांच्या आसपासच, त्यात ओलावा जास्त म्हणून पैसे कापतात ती कटती वेगळी. इकडे माझ्या खात्यात लाडक्या बहिणीचे दोन महिन्यांचे 3000 एकदम जमा, भाऊबीजेची ओवाळणी म्हणे! सरकार भाऊ झालं आणि माझा भाऊ आलाच नाही. पाट मांडलेला, रांगोळी घातलेली, बासुंदी आटवून ठेवलेली, दोन वाजले, तीन वाजले, फोन लावला तर म्हणतो गाडी पंक्चर झालीये. शेवटी बीजेच्या चंद्राला ओवाळलं, भाऊ नसलेल्या बायका ओवाळतात तसं, आणि शेजारीण गॅलरीतून, "भाऊ नाही का आले?"

नंतर वहिनी बोलली. आदल्या दिवशी तो तालुक्याला साडीच्या दुकानात जाऊन आला होता. बाहेर 'लाडक्या ताईसाठी खास ऑफर'चा बोर्ड, आत हजाराच्या खालचं दाखवायलाच कुणी तयार नाही. रिकाम्या हाताने निघाला तो थेट घरी. आता मी काय कधी मागितलं होतं? नाही. पण धाकट्या जावेला तिच्या भावाने दिलेला मिक्सर सगळ्यांच्या स्टेटसला होता, त्यानेही पाहिलाच असणार.

यमुनेने यमाला जेवायला बोलावलं, गोष्ट तेवढीच आहे. (बहिणीला वस्त्र द्यावं असं पोथीत आहे, माहितीये, सांगू नका.)

तेव्हापासून ताटात फक्त सुपारी. पण मला तरी हे पटलंय का? आई म्हणायची घ्यावं, माहेरचं बाईला तेवढंच असतं. हक्कसोडपत्रावर सही मीही केलीये. जमिनीतला हिस्सा सोडला तेव्हा एकानेही विचारलं नाही, का घेत नाहीस म्हणून, साडी नको म्हटलं की अख्खी भावकी विचारते. आधीची मी असते तर म्हणाले असते, घे गं, एका साडीत सुटतोय तो, तीही सोडतेस? तिला उत्तर देता येत नाही मला.

गेल्या वर्षी जेवून गेला आणि रात्री फोनपेवर 501 आले. परत पाठवले तर त्याला लागेल. खर्चही केलेले नाहीत.