तुम्ही विचारलंत म्हणून : मुख्य बँड रात्री येतो, मग तुम्ही संध्याकाळपासून तिथे काय करता?

हा प्रश्न मला ऑफिसातल्यांनी विचारलाय, भाच्याने विचारलाय, आणि एकदा तर रांगेत माझ्यामागे उभ्या असलेल्या, मैत्रिणीने ओढून आणलेल्या एका बिचाऱ्याने विचारला होता. तिकिटावर पाच बँडची नावं, ज्याच्यासाठी सगळे येतात तो साडेनऊला, आणि मी मात्र पाचला दार उघडायच्या आधी हजर. त्या मुलाला मी "जागा चांगली मिळते" एवढं सांगून गप्प केलं. ते काही खोटं नव्हतं. पण मी लवकर जातो ते पहिल्या बँडसाठी.

पाच बँडच्या रात्री सगळ्यात अवघड काम त्यांचंच. हॉल अर्धाही भरलेला नसतो, दिवे पुरते मालवलेले नसतात, आणि जे आलेत ते भिंतीला टेकून फोन चाळतायत. त्यातला एकही माणूस यांच्यासाठी आलेला नाही. यांना मिळणार पंचवीस-तीस मिनिटं. मागे मुख्य बँडचा ड्रमसेट काळ्या कापडाखाली झाकून ठेवलेला, म्हणून यांचा त्याच्या पुढ्यात, आणि उरलेल्या चिंचोळ्या पट्टीत बाकीचे तिघं. गायकाने जोशात दोन पावलं मागे घेतली तर तो झांजेवरच आपटायचा.

शिवाय साउंडचेक, म्हणजे कार्यक्रमाआधी आवाज जुळवून बघणं, होतो उलट्या क्रमाने. शेवटी वाजवणाऱ्यांचा सगळ्यात आधी, पहिल्या बँडचा सगळ्यात शेवटी. म्हणजे पहिल्या बँडचं सामान मंचावर तसंच राहतं आणि दारं उघडल्यावर लगेच सुरुवात करता येते. कागदावर पद्धत शहाणपणाची आहे. प्रत्यक्षात नंतर वाजवणाऱ्या बँडपैकी कुणी अर्धा तास जास्त घेतला की तो यांच्याच वाट्यातून कापला जातो, आणि मग यांचं पहिलं गाणं हाच यांचा साउंडचेक. मुद्दाम कान देऊन ऐका. पहिल्या कडव्यात गाणाऱ्याचा आवाज गिटारखाली गाडलेला असतो. दुसऱ्या कडव्यापर्यंत आवाजाच्या कन्सोलवरचा माणूस तो उकरून वर काढतो. तिसऱ्या गाण्याला बास आणि ड्रम एकमेकांच्या अंगावरून उठून आपापल्या जागी बसतात. तोवर यांची निम्मी वेळ गेलेली असते! त्यात रिकाम्या हॉलचा घुमारा वेगळाच. माणसांची अंगं आवाज शोषून घेतात, वरच्या पट्टीतला जास्त. त्यामुळे जो हॉल साडेपाचला पिंपासारखा घुमतो तोच साडेनऊला ताणलेल्या चामड्यासारखा कडक वाजतो. हा फरक एकाच रात्रीत, एकाच जागी उभं राहून ऐकायला मिळतो, आणि मला तो गाण्यांइतकाच आवडतो.

गिटारचा बादशहा जिमी हेंड्रिक्सही यातून सुटला नाही. १९६७ च्या जुलैमध्ये तो अमेरिकेत द मंकीज या बँडच्या आधी वाजवत होता. मंकीज टीव्ही मालिकेतून जन्माला आलेले. समोर बहुतेक शाळकरी मुली, आणि त्या हेंड्रिक्सच्या गिटारवर मंकीजच्या गायकाच्या, डेव्ही जोन्सच्या नावाचा गजर करायच्या. मोजके कार्यक्रम करून तो बाहेर पडला. जेमतेम महिन्याभरापूर्वी, १८ जूनला, याच माणसाने कॅलिफोर्नियातल्या माँटेरे संगीत महोत्सवाच्या मंचावर गिटार पेटवली होती. तिथेही आधी कोण जाणार यावरून त्याच्यात आणि द हू या ब्रिटिश बँडमध्ये नाणेफेक झाली. द हू आधी गेले, वाद्यांची मोडतोड करून उतरले, आणि मग याला त्याहून वरचढ काहीतरी करणं भाग पडलं. दोन वर्षांनी वुडस्टॉकच्या संगीत महोत्सवात शेवटचा मान त्याचा होता. पण वेळापत्रक इतकं घसरलं की तो मंचावर आला सोमवारी सकाळी. बहुतेक गर्दी तोवर घराकडे निघून गेली होती.

आणि क्वीन हा ब्रिटिश बँड. १३ जुलै १९८५, लंडनचं वेम्ब्ली स्टेडियम, दुष्काळग्रस्तांच्या मदतीसाठीचा लाइव्ह एडचा कार्यक्रम. त्यांना मिळाली वीस-एकवीस मिनिटं, तीही भर उजेडात, रात्र व्हायच्या कितीतरी आधी. त्या दिवसाचं नाव काढलं की लोक अजून पहिल्यांदा त्यांच्याबद्दल बोलतात.

दोन बँडच्या मधल्या वेळेला लोक कंटाळतात. मी नाही. काळ्या कपड्यातली माणसं चाकांवरचा चौथरा अख्ख्या ड्रमसेटसकट ढकलत नेतात, वायरी गुंडाळतात, गाण्यांची यादी जमिनीवर चिकटवतात, माइकमध्ये "वन, टू" म्हणतात. वीस मिनिटांत नवीन घर मांडून होतं. त्यांना कुणी टाळ्या देत नाही. मी एकदा दिल्या होत्या, सगळे माझ्याकडे वळून बघायला लागले.

कानांचं मात्र सांगतो, कारण ते कुणी विचारत नाही. अशा ठिकाणच्या आवाजाला जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ साली सरासरी १०० डेसिबलची कमाल मर्यादा सुचवली. दर ३ डेसिबलला आवाजाची ऊर्जा दुप्पट होते, म्हणजे १०३ ला आपण थोडं नाही, दुप्पट सोसत असतो. आणि पाच बँड म्हणजे चार-साडेचार तास. इअरप्लग घालतो म्हणून मला म्हातारा म्हणणाऱ्यांपैकी दोघांच्या कानात आता कायमची शिट्टी वाजते.

आता प्रामाणिकपणे कबूल करतो, पहिला बँड पुष्कळदा वाईटच असतो. तीन-चार वेळा तर मनातल्या मनात मिनिटं मोजली आहेत. तरी जातो, ते एका संध्याकाळमुळे.

आम्ही असू चाळीसेक जण. तिसऱ्या गाण्यात गिटारवाल्या पोराची तार तुटली. दुसरी गिटार नव्हती. त्याने वळून बासवालीकडे पाहिलं, तिने ड्रमरकडे, आणि ती दोघं तोच एक तुकडा फिरवत राहिली. एक मिनिट झालं, दोन झाली. पोरगा गुडघ्यावर बसून तार ओवत होता आणि हात थरथरत होते. तेवढ्यात पडद्याआडून एक उंच माणूस आला, स्वतःच्या गळ्यातली पांढरी गिटार काढली, पोराच्या गळ्यात घातली आणि एक शब्द न बोलता गेला. पट्टा त्या उंच माणसाच्या मापाचा, त्यामुळे गिटार पोराच्या मांड्यांवर लोंबकळत होती. तो पाय फाकवून, जवळजवळ वाकून वाजवत होता. पण काय वाजवलं त्याने! गिटारच्या खालच्या कोपऱ्यावर काळ्या चिकटपट्टीची फुली होती, ती मला अजून दिसते.

रात्री आठच्या सुमारास तिसरा बँड आला. हॉल भरला होता. दिवे लागायच्या आधीच अंधारात ती पांढरी गिटार दिसली, खाली काळी फुली, आणि पुढे उभे असलेले आम्ही चाळीस जण बेंबीच्या देठापासून ओरडलो. अजून एक सूरही वाजला नव्हता. नुकत्याच घुसलेल्या एकाने माझ्या खांद्याला हात लावून विचारलं, "कोण आहे हो हा, फार मोठा आहे का?" मी सांगायला वळलो, आणि ड्रमरने काठ्या आपटून चार मोजले.