पऱ्हाटी सापडेना: एका टीआरने मोडलेली आणि ऑकने सांधलेली नोंदवही

मागच्या नोंदीत मी मोठ्या विश्वासाने लिहिले होते की शेताचा सगळा हिशेब साध्या मजकुराच्या एकाच फाइलमध्ये आला असून ग्रेप (ओळी शोधणारी आज्ञा) आणि ऑक (ओळींवर हिशेब करणारी छोटी भाषा) यांच्यापलीकडे मला कशाचीही गरज उरलेली नाही. तो विश्वास गेल्या तीन आठवड्यांत दोनदा मोडला. पहिल्यांदा ग्रेपमुळे आणि दुसऱ्यांदा माझ्याच उतावीळपणामुळे. काल रात्री फाइल बहुतांशी सावरली, म्हणून हे लिहीत आहे.

सुरुवात वेचणीच्या मजुरीपासून झाली. आमच्याकडे यवतमाळ जिल्ह्यात कपाशीच्या झाडाला पऱ्हाटीच म्हणतात, आणि माझ्या फाइलमध्येही प्रत्येक ओळीत तारीख, पीक, काम व रक्कम अशीच मांडणी असते. ग्रेपने पऱ्हाटीच्या ८६ ओळी काढल्या आणि ऑकने त्यांची बेरीज केली, तेव्हा ती डब्यातून प्रत्यक्ष गेलेल्या पैशांपेक्षा बरीच कमी भरली. सोमवारची मोठी वेचणी त्यात दिसत नव्हती, पण फाइल उघडली की तीच ओळ डोळ्यांसमोर होती. शब्दापुढची मोकळी जागा, लोकेल (यंत्रावरची भाषेची निवड), ओळीच्या शेवटी चिकटलेली अदृश्य चिन्हे असे सगळे नेहमीचे संशयित तपासून झाले, तरी ग्रेप ऐकेना.

उलगडा योगायोगाने झाला. मी एरवी एमएलटर्म हे टर्मिनल, म्हणजे आज्ञा टंकायची खिडकी, वापरतो, कारण देवनागरी जोडाक्षरे त्यात नीट जुळतात. त्या दिवशी दुसऱ्या खिडकीत एक्सटर्म हे दुसरे टर्मिनल उघडे होते, आणि तिथे जोडाक्षरे सुटी पडत असल्यामुळे एका पऱ्हाटीतल्या र खाली नुक्ता, म्हणजे टिंब, दिसला व दुसरीतल्या र खाली दिसला नाही. लगेच दोन्ही शब्द डब्ल्यूसी या मोजणीच्या आज्ञेकडून मोजून घेतले. एक २१ बाइटचा निघाला आणि दुसरा २४ बाइटचा. यूटीएफ-८ मध्ये, म्हणजे अक्षरे बाइटांत साठवण्याच्या पद्धतीत, देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात, म्हणजे दुसऱ्या शब्दात एक चिन्ह जास्तीचे होते. फाइलमधले बाइट उघड करणाऱ्या एक्सएक्सडीने ते दाखवून दिले: मी इन्स्क्रिप्ट कळफलकावर शिफ्ट दाबून थेट ऱ टंकतो, म्हणजे युनिकोड या अक्षरांच्या क्रमांक-यादीतील ०९३१, आणि पुढे हलन्त, म्हणजे पाय मोडण्याचे चिन्ह; ज्याच्या ओळीही या फाइलमध्ये येतात त्या धाकट्या भावाच्या फोनवरचा कळफलक मात्र साधा र, मग हलन्त, आणि त्यापुढे शून्य रुंदीचा जोडक, म्हणजे २००डी, असे पाठवतो. दोन्ही पद्धतींनी पडद्यावर तोच अर्धा र उमटतो. यूकॉन्व्ह या साधनाने एनएफसी, म्हणजे एकाच अक्षराची वेगवेगळी रूपे एकसारखी करण्याची युनिकोडची प्रक्रिया, करून पाहिले, पण त्याचा उपयोग नव्हता, कारण र आणि नुक्ता वेगळे टंकले असतील तर एनएफसी त्यांचा ऱ करते, जोडकाच्या रूपाला मात्र ते हात लावत नाही; युनिकोडच्या लेखी ही दोन रूपे समतुल्य नाहीतच. ज्या प्रदेशाच्या नावातच, म्हणजे वऱ्हाडात, हे अक्षर आहे, तिथल्या माणसाला हे इतक्या उशिरा कळावे याची मला थोडी लाज वाटली.

इथवर सगळे ठीक होते. पुढे मी जे केले, ते कोणीही करू नये.

रात्रीचे अकरा वाजले होते, दिवसभर मापावर उभे राहून पाय दुखत होते, आणि जोडकच नको असेल तर तो उडवून टाकावा, असा सोपा विचार डोक्यात आला. मुळात तो विचारच चुकीचा होता, कारण र आणि हलन्त यांच्यामागचा जोडक काढला की अर्ध्या र चा रफार होतो. मग दऱ्यांचा दर्या होतो आणि आचाऱ्यांना दिलेली मजुरी आचार्यांना दिली जाते. पण त्याहून मोठी चूक साधनाची झाली. जोडक काढण्यासाठी मी टीआर ही चिन्हे बदलणारी किंवा काढणारी आज्ञा वापरली. ग्नूचा टीआर एकेका बाइटचाच विचार करतो, त्याला बहुबाइटी अक्षर कळत नाही, आणि हे त्याच्या माहितीपुस्तिकेत स्पष्ट लिहिलेले आहे. जोडकाचे तीन बाइट सोळा-आधारी आकड्यांत ई२, ८० आणि ८डी असे आहेत. टीआरने हे तिन्ही बाइट फाइलभर जिथे जिथे दिसले तिथून वेचून काढले. आता दीर्घ वेलांटी, म्हणजे ी, यूटीएफ-८ मध्ये ई० ए५ ८० अशी लिहिली जाते आणि हलन्त ई० ए५ ८डी असा, त्यामुळे फाइलमधील प्रत्येक दीर्घ वेलांटीचे आणि प्रत्येक जोडाक्षराचे शेपूट एकाच फटक्यात कापले गेले. रुपयाच्या चिन्हाचा पहिला बाइटही ई२ च असतो, तेव्हा तेही गेले. आकडे तेवढे शाबूत राहिले.

नवी फाइल जुन्या फाइलच्या जागी ठेवून मी झोपलो. एरवी आमच्याकडे रात्री वीज असेलच असे सांगता येत नाही आणि नागपूरच्या एका दुकानातून घेतलेली, नवी म्हणून विकलेली बॅटरी चाळीस मिनिटांवर टिकत नाही. पण नेमकी त्या रात्री वीज पहाटेपर्यंत होती, आणि तीन वाजता ठरल्या वेळी कामे चालवणाऱ्या क्रॉनने फाइलींची नक्कल करणारे आरसिंक चालवून ती मोडकी फाइल इमानाने पेनड्राइव्हवरच्या चांगल्या फाइलवर चढवली. आरसा म्हणजे बॅकअप नव्हे, हे मी इतरांना किती वेळा सांगितले असेल! फाइलचे जुने टप्पे जपणाऱ्या गिटमध्ये शेवटचा कमिट, म्हणजे जतन केलेला टप्पा, १७ दिवसांपूर्वीचा होता, कारण वेचणी सुरू झाल्यापासून रोज रात्री कमिट करण्याची सवय सुटली होती. म्हणजे सीतादह्याच्या (वेचणीच्या आरंभाच्या विधीच्या) दिवसापासूनच्या २३१ ओळी फक्त तुटक्या रूपात उरल्या.

दुरुस्ती शक्य झाली ती यूटीएफ-८ च्या रचनेमुळे. ग्रेप लिहिणाऱ्या केन थॉम्पसननेच १९९२ साली रॉब पाइकसोबत ही रचना आखली, आणि तिच्यात अक्षराचा पहिला बाइट व पुढचे बाइट वेगवेगळ्या पट्ट्यांत ठेवले आहेत. पुढचे बाइट नेहमी ८० ते बीएफ यांच्या दरम्यानच येतात. त्यामुळे ई० ए५ या जोडीनंतर त्या पट्टीतला बाइट नसेल, तर तिथे तूट आहे हे नक्की कळते. बाइट सुटे पाहणाऱ्या सी लोकेलमध्ये सेड ही मजकूर बदलणारी आज्ञा चालवून अशा प्रत्येक जागी तारका ठेवली, तेव्हा ७०४ तारका निघाल्या. तारकेच्या जागी वेलांटी होती की हलन्त, हे मात्र बाइट सांगत नाहीत.

त्यावर मी असे ठरवले की शेवटच्या चांगल्या कमिटमधून शब्दांची यादी काढायची, प्रत्येक तुटक्या शब्दाचे सर्व संभाव्य पर्याय बनवायचे आणि यादीत सापडेल तो घ्यायचा. वस्ती या शब्दात दोन तारका पडतात, म्हणून चार पर्याय होतात, आणि त्यांतला वस्ती हा एकच यादीत असतो. आधी हे पायथनमध्ये लिहायला घेतले होते, पण पाऊण तासाने मोह आवरला. डेबियन या लिनक्ससोबत मुळात येणारा मॉक हा ऑकचा प्रकार बाइटवरच काम करतो, तो इथे दोष नसून सोय आहे, आणि साठ ओळींच्या ऑकमध्ये काम भागले. र नंतरच्या तारकेला मात्र वेलांटी, हलन्त आणि जोडकासह हलन्त असे तीन पर्याय द्यावे लागले, आणि त्या तिसऱ्या पर्यायाने दोन रात्री खाल्ल्या, कारण दऱ्या आणि दर्या दोन्ही शब्द माझ्या यादीत होते.

ही नोंद इथपर्यंत लिहून झाल्यावर मी ती भावाला वाचून दाखवली. तो शांतपणे म्हणाला, “दादा, माह्या फोनात तं सबन हाये नं!” खरेच होते. टर्मक्स या अँड्रॉइडवरच्या टर्मिनलमधून आरसिंकने येणारी त्याची मूळ फाइल फोनवर जशीच्या तशी होती आणि मला ती एकदाही आठवली नव्हती. तिच्यातून ११८ ओळी अखंड परत मिळाल्या. त्याहून महत्त्वाचे म्हणजे उरलेल्या ११३ ओळी माझ्या इन्स्क्रिप्टच्या आहेत, त्यांत जोडक कधी नव्हताच, तेव्हा तिसऱ्या पर्यायाची सगळी खटपट काढून टाकता आली आणि ऑक चाळीस ओळींवर आला. ते दोन रात्रींचे काम पुसताना वाईट वाटले, पण गिटच्या वेगळ्या शाखेत ते जपून ठेवले आहे.

त्या ११३ ओळींतील बहुतेक शब्द यादीने निर्विवाद लावले. काही ठिकाणी दोन अर्थपूर्ण पर्याय होते, उदाहरणार्थ खर्च आणि खरीच. तिथे जुन्या फाइलमध्ये जो शब्द जास्त वेळा आला तो घेतला, आणि हिशेबाच्या वहीत खरीच फारसे येत नाही.

पुढच्या बंदोबस्तासाठी गिटचा क्लीन फिल्टर लावावा, असे आधी ठरवले होते. पण तो कमिटमध्ये जाणारा मजकूर बदलतो, कामाची फाइल तशीच राहते, म्हणजे ग्रेप पुन्हा फसणार. म्हणून आता जोडकाच्या रूपाचे ऱ करणारी सेडची एक ओळ फोनवरून फाइल आणणाऱ्या स्क्रिप्टमध्येच घातली आहे, आणि विम या संपादकात फाइल जतन होण्याआधी तोच बदल आपोआप होतो. आरसिंकला जुन्या प्रती वेगळ्या ठेवायला लावले आहे. टीआर मी यापुढे फक्त इंग्रजी अक्षरांवर चालवीन.

पऱ्हाटीच्या ओळी आता १४३ भरतात आणि बेरीज डब्याशी जुळते. एकच शब्द अजून तारकेसह उभा आहे. अवकाळी पाऊस झाला त्या दिवशीची माझी ओळ अशी आहे: “सर*वर पाणी आले.” हरभरा सरीवर टोकलेला होता, आणि गोठ्यालगतच्या खोलीत छताखाली ठेवलेला जुना डेस्कटॉप मी सर्वर म्हणून चालवतो. यादीत दोन्ही शब्द जवळपास सारख्याच वेळा आहेत, आणि त्या दिवशी पाणी दोन्हीकडे आले होते.