वेबकॅम, नोंद तिसरी: व्हिडिओ कॉलमध्येच का बंद पडतो?

मागच्या नोंदीत मी छातीठोकपणे लिहिलं होतं की दोष केबलचा आहे. ते विसरा. नवी केबल लावून आठवडा होतो न होतो तोच मंगळवारी कॅमेरा पुन्हा गेला. प्रकार तोच: चित्र गोठलं, त्यात माझा एक डोळा अर्धा मिटलेला, आवाज मात्र ठणठणीत, कारण हेडसेट वेगळा आहे. आणि कॅमेऱ्यावरचा छोटा दिवा विझलेला.

गोम अशी की नुसता प्रिव्ह्यू लावून ठेवला तर दोन-दोन तास काही होत नाही. कॉल लागला की कधी पाचव्या मिनिटाला, कधी विसाव्या.

या वेळी कॉल चालू असताना दुसऱ्या खिडकीत कर्नलचा (लिनक्सच्या गाभ्याचा) लॉग, म्हणजे त्याची नोंदवही, उघडी ठेवली. हे आधीच करायला हवं होतं. चित्र गोठलं त्याच क्षणी ओळ आली: यूएसबी डिसकनेक्ट, डिव्हाइस नंबर ७. दोन सेकंदांत दुसरी: नवं हाय-स्पीड डिव्हाइस, नंबर ८. म्हणजे कॉलचं अ‍ॅप निर्दोष. कॅमेरा बसवरून (यूएसबीच्या सामायिक मार्गावरून) गळून पडतोय आणि स्वतःच परत चढतोय. पण अ‍ॅपने जुना व्हिडिओ० (लिनक्सने कॅमेऱ्याला दिलेलं नाव) अजून धरून ठेवलेला असतो, म्हणून परत आलेल्या कॅमेऱ्याला वेगळंच नाव मिळतं. अ‍ॅप बिचारं रिकाम्या खुर्चीकडे बघत बसतं. विंडोजवाल्यांना लॉग नको असेल तर कान द्या: यूएसबी काढल्याचा आणि लगेच लावल्याचा आवाज येतो.

मग संशयित. ऑटोसस्पेंड, म्हणजे वीज वाचवायला यूएसबी उपकरण आपोआप झोपवणं, बंद केलं, फरक शून्य. खरं तर ते निवांत पडलेल्या उपकरणालाच झोपवतं, भर कामातल्याला नाही. हे डोक्यात यायला दोन संध्याकाळी गेल्या.

बँडविड्थचा (तारेतून एका वेळी किती डेटा मावतो याचा) संशय जास्त मोलाचा होता, म्हणून गणित मांडलं. यूएसबी २.० म्हणजे सेकंदाला ४८० मेगाबिट. पण कॅमेऱ्याच्या एका आयसोक्रोनस एंडपॉइंटला (ठरलेल्या वेळी डेटा पाठवायच्या राखीव वाटेला) १२५ मायक्रोसेकंदांच्या प्रत्येक तुकड्यात (मायक्रोफ्रेममध्ये) जास्तीत जास्त ३०७२ बाइट मिळतात, म्हणजे सेकंदाला साधारण २४.५ मेगाबाइट. ६४० बाय ४८० चं कच्चं, न दाबलेलं वाययूवाय२ चित्र सेकंदाला ३० फ्रेमने १८.४ मेगाबाइट घेतं, बसतं. ७२०पी ला (१२८० बाय ७२०) ५५ लागतात, बसणं शक्यच नाही, म्हणून तिथे एमजेपेग, म्हणजे प्रत्येक फ्रेम दाबून लहान केलेली. आणि जागा अपुरी पडली तर स्ट्रीम सुरू होतानाच एरर येते, तीही ‘नो स्पेस लेफ्ट ऑन डिव्हाइस’ अशी, की माणूस आधी हार्ड डिस्क साफ करायला धावतो. माझ्याकडे एरर नाही, थेट डिसकनेक्ट. बँडविड्थ सुटली.

उरली वीज. कागदावर लिहिलं: कॉलमध्ये असतं आणि टेस्टमध्ये नसतं असं काय? हेडसेट. आणि रिंग लाइट, चेहऱ्यावर उजेड पाडणारा गोल दिवा! एकटी टेस्ट करताना मी तो कशाला लावेन? तो कॅमेऱ्याच्याच यूएसबी हबवर (एका पोर्टचे अनेक करणाऱ्या डबीवर), आणि हबला स्वतःचा अडॅप्टर नाही.

प्रिव्ह्यू लावला आणि रिंगचं बटण एकेक पायरी दाबत गेले. तिसऱ्या पायरीपर्यंत ठीक. चौथीला चित्रात हिरवी रेघ चमकून गेली. पाचवीला कॅमेऱ्याचा दिवा पट्कन विझला. तीनदा केलं, तिन्ही वेळा पाचवीलाच. यूएसबी मीटर हबच्या तोंडाशी: रिंग बंद असताना ४.९६ व्होल्ट, पूर्ण उजेडावर ४.४ च्या आसपास थरथरणारा आकडा. यूएसबी २.० पोर्टकडून हक्काने मागता येतात ते सगळे मिळून ५०० मिलिअँपिअर. इथे एकूण १.३ अँपिअर ओढला जात होता. संगणकाने तो दिलाही, पण हबच्या बारीक वायरचा रोध जेमतेम ०.४ ओहम धरला तरी अर्धा व्होल्ट वाटेतच जातो.

आणि पाच मिनिटं की वीस, याचं उत्तर माझ्या बोटात होतं. कॉल सुरू होतो तेव्हा खिडकीतून उजेड असतो. अंधारायला लागलं की मी बोलता बोलता, न बघता, रिंगचं बटण दाबते.

आता कॅमेरा थेट मागच्या पोर्टमध्ये आणि रिंग मोबाइलच्या चार्जरवर. सोळा दिवस झाले, लॉगमध्ये एकही डिसकनेक्ट नाही. ऑटोसस्पेंड पूर्ववत केलं, नाहीतर नक्की कशाने सुटलं हे कळलं नसतं. जुन्या केबलची माफी मागून तीच परत लावली आहे.

एक नवीन खुसपट निघालंय. तिसऱ्या पायरीवर चित्रात आडव्या फिकट पट्ट्या सरकतात, पाचवीवर नाहीत. कॅमेऱ्याच्या सेटिंगमधली पॉवर लाइन फ्रिक्वेन्सी (घरच्या विजेमुळे येणारी लुकलुक टाळणारी) ५० आणि ६० हर्ट्झ दोन्ही करून पाहिली, पट्ट्या ढिम्म. रिंग पीडब्ल्यूएमने, म्हणजे खूप वेगाने उघडझाप करून, मंद होत असावी. रविवारी ऑटो एक्स्पोजर बंद करून प्रत्येक फ्रेमला उजेड घ्यायला मिळणारा वेळ हाताने वाढवत नेणार आहे.