तुम्ही विचारलंत म्हणून : ‘शाब्बास’ पुरत नाही का, क्लिकर कशाला?

कुत्रा पाळलेली माणसं माझ्या हातात क्लिकर बघतात आणि एक प्रश्न हमखास विचारतात. “तोंडाने ‘शाब्बास’ म्हटलं तर त्याला कळत नाही का? मग ही टिकटिक कशाला?” प्रश्न अगदी रास्त आहे. उभ्याउभ्या दिलेल्या उत्तराने कुणाचं समाधान होत नाही, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

आधी थेट उत्तर देऊन टाकते. ‘शाब्बास’ म्हणूनही कुत्रा शिकतो. मी क्लिकर वापरते तो कुत्र्यापेक्षा जास्त माझ्या स्वतःसाठी.

क्लिकर म्हणजे मुठीत मावणारी छोटीशी डबी. आत धातूची पट्टी असते, दाबली की ‘टिक्’ असा कोरडा, तुटक आवाज येतो. कुत्र्याला या आवाजाचं सुरुवातीला काहीच नसतं. पण टिक् झालं की लगेच खाऊ, असं थोड्या वेळा घडलं की आवाज ऐकताच त्याचे कान उभे राहतात आणि मान तुमच्याकडे वळते. इथपर्यंतची गोष्ट रशियन शास्त्रज्ञ पावलोव्ह यांच्या कुत्र्यांचीच आहे : खाण्याआधी हमखास येणारा आवाज नुसता ऐकला तरी त्यांच्या तोंडाला पाणी सुटायचं. पुढची गोष्ट अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांची : ज्या कृतीनंतर काही चांगलं घडतं, ती कृती प्राणी पुन्हा करून बघतो. अडचण फक्त वेळेची असते. कुत्रा बसला, तुम्ही खिशात हात घातला, तुकडा काढला आणि त्याच्यापुढे धरला. तेवढ्यात तो उठून उभा राहिलेला असतो. खाऊ मिळाला तो बसण्याबद्दल की उठण्याबद्दल, हे त्याने कसं ओळखायचं? टिक् हा आवाज नेमक्या त्या क्षणावर बोट ठेवतो. बूड जमिनीला टेकलं, टिक्. खाऊ मग दोन सेकंदांनी आला तरी बिघडत नाही.

कुत्र्यांसाठी ही कल्पना स्वतः स्किनर यांनीच १९५१ साली एका विज्ञान मासिकातल्या लेखात मांडली होती. मुलांच्या खेळण्यातली टिकटिकी वापरा, असं त्यांनी सुचवलं होतं. त्यांचे विद्यार्थी केलर आणि मॅरियन ब्रेलँड या नवराबायकोने त्याच्याही आधी याच तत्त्वावर नाना प्रकारचे प्राणी शिकवायला सुरुवात केली होती. तरी कुत्रे पाळणारे बरीच वर्षं गळपट्टा ओढण्याच्या पद्धतीलाच धरून राहिले. बदल आला तो समुद्राकडून, असं म्हणता येईल. डॉल्फिनला पट्टा बांधता येत नाही, दाबून बसवता येत नाही, आणि चिडलात तर तो पोहत लांब निघून जातो. त्यामुळे त्याला शिकवणाऱ्यांना शिट्टी आणि मासा एवढ्यावरच भागवावं लागलं. १९६०च्या दशकात हवाईत डॉल्फिन शिकवणाऱ्या कॅरेन प्रायर यांनी पुढे हीच रीत कुत्र्यांच्या मालकांपर्यंत नेली आणि १९९०च्या दशकात क्लिकर घरोघरी पोचायला लागला. मला या इतिहासातलं सगळ्यात मोलाचं वाटतं ते हे, की जिथे जबरदस्ती शक्यच नव्हती तिथे ही पद्धत तावूनसुलाखून निघाली.

आता ‘शाब्बास’कडे वळू. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ५१ कुत्र्यांना डबा उघडण्याची एक नवी कृती शिकवली होती. काहींना क्लिकरने, काहींना एका ठरावीक शब्दाने आणि काहींना नुसता खाऊ देऊन. तिन्ही गटांच्या शिकण्यात म्हणावा असा फरक आढळला नाही. क्लिकरच्या बाजूने बोलणारे काही जण हा निष्कर्ष टाळतात. मला तो टाळावासा वाटत नाही, कारण माझ्या अनुभवाशी तो जुळतो. तिथे शिकवणारी माणसं सरावलेली होती, शब्द ठरलेला होता, वेळ अचूक साधली जात होती. घरात काय होतं? ‘शाब्बास’ आपण फोनवर बोलताना म्हणतो, मुलांना म्हणतो, कुत्रा नुसता गोड दिसला तरी म्हणतो. एकदा आनंदाने, एकदा दमून, एकदा लाडात लांबवून. आजोबा वेगळा शब्द वापरतात, धाकटी वेगळा. कुत्र्यासाठी त्या शब्दाची धारच जाते.

हातात क्लिकर आला की माणूस बदलतो, हे मी इतक्या जणांच्या बाबतीत पाहिलं आहे की त्याबद्दल मला शंका उरलेली नाही. बडबड थांबते. डोळे कुत्र्यावर खिळतात. कधी दाबायचं हे ठरवण्यासाठी आधी नक्की काय हवंय ते ठरवावं लागतं. ‘नीट वाग’ ही इच्छा दाबता येत नाही. ‘चारही पाय जमिनीवर’ हे दाबता येतं. पाहुण्यांच्या अंगावर उड्या मारणाऱ्या कुत्र्याला ‘नको, नको’ ओरडणारं घर आणि त्याचे चारही पाय जमिनीवर असण्याचा प्रत्येक क्षण शोधणारं घर, यांत फार फरक असतो. दुसऱ्या घरातला कुत्रा लवकर शांत होतो, कारण त्याला काय करायचं ते कुणीतरी सांगितलेलं असतं.

नजर आणि अंगठा यांचा मेळ आधी कुत्र्याशिवाय बसवा. तो दुसऱ्या खोलीत असू दे. कुणालातरी चेंडू टाकायला सांगा आणि तो जमिनीला टेकेल त्याच क्षणी क्लिक करा. सुरुवातीला बहुतेकांचा आवाज उशिरा येतो.

या पद्धतीतला सगळ्यात सुंदर भाग म्हणजे एखादी नवी कृती पायरीपायरीने घडवणं. त्याला शेपिंग म्हणतात. १९४३ साली स्किनर, केलर ब्रेलँड आणि आणखी एक सहकारी एका कबुतराला चोचीने लाकडी चेंडू टोलवायला शिकवू बघत होते. पहिला टोला मारला की दाणा द्यायचा, असं ठरवून ते वाट बघत बसले. काहीच घडेना. मग त्यांनी ठरवलं की चेंडूकडे नुसतं पाहिलं तरी दाणा द्यायचा. मग चोच त्या दिशेने वळली तर, मग चेंडूला लागली तर. थोड्याच मिनिटांत कबुतर तो चेंडू खोक्याच्या भिंतींवर आपटवत होतं. संपूर्ण कृतीची वाट न बघता तिच्या पहिल्या अंकुराला दाद द्यायची, एवढंच त्यांनी केलं होतं.

आमच्या चिमीला चटईवर जाऊन पडून राहायला मी असंच शिकवलं. चटई अंथरली आणि गप्प बसले. तिने चटईकडे पाहिलं, क्लिक आणि खाऊ. एक पाऊल तिकडे टाकलं, क्लिक. एक पंजा चटईवर पडला, क्लिक. खाऊ मी मुद्दाम चटईच्या बाहेर टाकत होते, म्हणजे तिला परत यायची संधी मिळावी. एका पंजाला ती सरावली तेव्हा मी थांबले. तिने माझ्याकडे पाहिलं, पंजा आपटला, हुंकार दिला, आणि मग दुसराही पंजा ठेवला. हा थांबण्याचा क्षण फार नाजूक असतो. पायरी फार उंच ठेवली तर कुत्रा भुंकतो, कंटाळतो, जमीन हुंगत निघून जातो. असं झालं की मागच्या पायरीवर या, हट्ट धरू नका. त्या हुंगण्याला कुणी आगाऊपणा म्हटलं की मला वाईट वाटतं. आपला प्रश्न त्याला समजलेला नाही, एवढंच तो सांगत असतो.

चार पंजे, मग बसणं, मग लोळणं, मग थोडा वेळ टिकणं. आणि हे सगळं होईपर्यंत मी एक शब्द बोलले नव्हते. ‘चटई’ हा शब्द मी अगदी शेवटी आणला, ती आपणहून तिकडे धावायला लागल्यावर. ज्या कृतीची अजून ओळखच नाही तिला नाव देऊन काय उपयोग? लोक न बसणाऱ्या कुत्र्यापुढे ‘सिट, सिट, सिट’ म्हणत राहतात आणि तो शब्द कानाआड करायलाच त्याला शिकवतात.

क्लिक झालं की खाऊ द्यायचाच. चुकून झालं तरी द्यायचा. तो करार मोडला तर आवाजाला काही किंमत राहत नाही. क्लिक झालं की कृती संपली, कुत्रा उठला तरी चालेल. आणि क्लिकरने कुत्र्याला हाक मारू नका. लांब गेलेल्या कुत्र्याला बोलावण्यासाठी तो वाजवलात, तर लांब जाण्यालाच दाद दिल्यासारखं होतं.

यानंतर विचारलं जातं : “मग जन्मभर खिशात डबी आणि खाऊ ठेवायचा का?” डबी नाही. ती फक्त नवीन शिकवतानाच्या काळात लागते. कृती पक्की झाली, शब्दावर होऊ लागली, की त्या कृतीपुरता क्लिकर बाजूला ठेवायचा. पण पक्की म्हणजे कुठेही पक्की. स्वयंपाकघरात बसणारा कुत्रा बागेत, दुसऱ्या कुत्र्यांसमोर, तेच विसरल्यासारखा वागतो, कारण जागा बदलली की त्याच्या लेखी सगळंच नवीन असतं. तिथे पुन्हा सोप्या पायरीपासून सुरुवात करावी लागते. खाऊचं म्हणाल तर तो हळूहळू विरळ होतो, कधी मिळतो, कधी नाही. त्याची जागा चेंडू घेतो, दार उघडणं घेतं, फिरायला निघणं घेतं. पूर्ण बंद मात्र मी करत नाही. ज्याने आपलं ऐकलं त्याला काहीतरी चांगलं मिळावं, यात मला काहीच वावगं वाटत नाही.

तुकडा वाटाण्याएवढा पुरतो, आणि तो रोजच्या जेवणातून वजा करा. चॉकलेट, द्राक्षं, मनुका, कांदा आणि झायलिटॉल (साखरेऐवजी वापरतात तो गोड पदार्थ) घातलेलं काहीही कुत्र्यासाठी विषारी आहे, ते खाऊ म्हणून चुकूनही देऊ नका. आवाजाला घाबरणारं कुत्रं असेल तर क्लिकर रुमालात गुंडाळा किंवा बटणाचं पेन वापरा, आणि कानाजवळ कधीच वाजवू नका. बहिऱ्या कुत्र्याला अंगठा वर करून दाखवलेली खूण हेच काम करते. दोनतीन मिनिटांचे छोटे धडे पुरेत, त्याला अजून हवंसं वाटत असताना थांबा.

शब्दच वापरायचा असेल तर जरूर वापरा, फक्त तो छोटा असू दे, एरवी बोलण्यात न येणारा असू दे, आणि घरातल्या सगळ्यांचा एकच असू दे.

माझ्या मते या पद्धतीचा खरा उपयोग शेकहँड आणि गिरक्यांच्या पलीकडे आहे. चिमी नखं कापू देत नसे. धरून कापणं शक्य होतं, तिच्या मनात काय साठत जाईल याची मला काळजी होती. म्हणून आधी कटर नुसतं जमिनीवर, तिने पाहिलं की क्लिक. मग कटर हातात. मग तिच्या पंजाला माझं बोट. मग कटर नखाला टेकवून लगेच काढलं. मग एकच नख, आणि त्या दिवशी तेवढंच. तिने पंजा मागे घेतला की मी सोडून देत असे, आणि सोडलं जातं हे कळल्यामुळेच ती पंजा पुन्हा पुढे करू लागली. आता कटर काढलं की ती चटईवर येऊन आडवी होते आणि पुढचा उजवा पंजा माझ्या गुडघ्यावर ठेवते. मागच्या पायांचं काम अजून चालू आहे.