“हे कशापासनं बनवत्यात, मॅडम?”

सकाळी अंघोळीच्या वेळेला बर्न्स वॉर्डात जी केस येते ती बहुतेकदा लहान मुलाची असते. बंबातलं कढत पाणी बादलीत काढलेलं असतं, आई विसण आणायला वळते, आणि तेवढ्यात मूल बादलीला धरून उभं राहतं. त्या दिवशीचं पोर दोन वर्षांचं होतं. छाती, डावा खांदा आणि कोपरापर्यंतचा हात मिळून बारा टक्के भाजलेलं. घरच्यांनी टूथपेस्ट फासली होती, ती सलाईनने धुऊन काढताना त्याने वॉर्ड डोक्यावर घेतला. (भाजल्यावर वीस मिनिटं नळाचं वाहतं पाणी, आणि दुसरं काहीही नको. कृपा करून घरात सगळ्यांना सांगून ठेवा.)

छातीवरची आणि खांद्यावरची जखम गुलाबी, ओलसर होती. बोटाने दाबलं की पांढरी पडायची, बोट काढलं की परत रंग भरायचा. म्हणजे कातडीचे वरचे थर गेले होते, पण खाली केसांची मुळं आणि घामाच्या ग्रंथी जिवंत होत्या. तिथूनच नवी त्वचा पसरत येते. कोपराजवळ मात्र तळहाताएवढा भाग फिकट होता, दाबल्यावर रंग बदलत नव्हता. तो खोल होता. छाती-खांद्यावर कोलॅजेन शीट, म्हणजे जखमेवर चिकटून बसणारा कोलॅजेन या प्रथिनाचा पातळ पडदा, लावायची आणि कोपराला नाही, हे मी ठरवलं. खोल किंवा जंतुसंसर्ग झालेल्या जखमेवर ही शीट लावली तर तिच्याखाली पू साचतो आणि वरून काही कळत नाही.

संमतीसाठी घरच्यांना बोलावलं. आजोबा माळकरी. मी समजावत होते, ते शांतपणे ऐकत होते. मग पाकिटाकडे बघून विचारलं, “हे कशापासनं बनवत्यात, मॅडम?”

हा प्रश्न विचारायचा त्यांना पूर्ण हक्क होता. मी सरळ सांगितलं की ही शीट गुरांपासून काढलेली आहे. कातडं, आतडी, स्नायूबंध यांतून चरबी आणि इतर प्रथिनं आम्लाने, क्षाराने, विकरांनी (एन्झाइम्सनी) काढून टाकतात. उरतं ते कोलॅजेन. त्याची रचना मद्रासमध्ये गो. ना. रामचंद्रन आणि गोपीनाथ कार्था या शास्त्रज्ञांनी १९५४-५५ मध्ये उलगडली: तिपेडी वेणीसारख्या तीन साखळ्या एकमेकींभोवती वळलेल्या. ही वेणी गुरांची आणि माणसाची इतकी सारखी असते की शरीर ती सहसा परकी मानत नाही. तक्रार करतं ते मुख्यतः तिच्या मोकळ्या टोकांबद्दल, आणि ती टोकं पेप्सिन नावाच्या विकराने छाटता येतात.

“मग ते आत जिरतं का?” आजोबांनी बरोबर मुद्द्याला हात घातला होता. नुसतं शुद्ध कोलॅजेन ठेवलं तर जखमेतली विकरं ते लवकर पचवून टाकतात. म्हणून ग्लुटाराल्डिहाइडसारख्या रसायनाने साखळ्या एकमेकींना सांधतात. सांधे कमी पडले तर पडदा टिकत नाही. जास्त झाले तर तो ताठर होतो आणि मागे राहिलेलं रसायन नव्या पेशींनाच मारक ठरतं. मी म्हटलं, “थोडंफार जिरतं, आजोबा. बाकीचं पापुद्रा होऊन गळून पडतं.”

दुसरे मार्गही सांगितले. माशांच्या कातडीची शीट असते, पण माळकऱ्याला तीही चालणारी नव्हती. मुंबईच्या वाडिया रुग्णालयात डॉ. केसवानींनी १९८० च्या दशकात उकडलेल्या बटाट्याच्या सालींचं ड्रेसिंग वापरलं होतं. केळीच्या पानाचंही करतात. किंवा आपलं नेहमीचं मलम आणि पॅराफिन गॉज. पण ही ड्रेसिंगं पुन्हा पुन्हा बदलावी लागतात, आणि दर खेपेला पोर असंच ओरडणार.

आजोबा काही बोलेनात. मी मुलाच्या आईकडे वळले. ती इतका वेळ सासऱ्यांच्या मागे उभी होती. “ताई, तुम्हाला काय वाटतं?” ती लगेच म्हणाली, “लावा मॅडम.” आजोबांनी तिच्याकडे पाहिलं. “आई हो म्हणतीय ना, मग लावा,” म्हणाले आणि बाहेर जाऊन बसले. त्यांना ते पूर्ण पटलं होतं असं मी म्हणणार नाही.

भूलतज्ज्ञांनी थोडी भूल दिली. शीट आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवून येते, ती सलाईनमध्ये पुन्हा पुन्हा धुतली; हे घाईत केलं तर आग होते. फोडांची मेलेली कातडी काढली, शीट पसरली आणि ओल्या गॉजने मधून कडेकडे हलकेच दाबत खालची हवा आणि पाणी बाहेर काढलं. मला या कामातलं हेच सगळ्यात आवडतं: पडदा जखमेला धरतो तो क्षण बोटांना कळतो. उघड्या पडलेल्या मज्जातंतूंवर आवरण आलं आणि संध्याकाळी पोर आईच्या मांडीवर बसून बिस्किट खात होतं.

दुसऱ्या आठवड्यात शीटच्या कडा सुटू लागल्या. सुटेल तेवढीच कात्रीने कापायची, ओढायची नाही. खाली गुलाबी, कोरडी त्वचा आली होती. कोपराला मात्र मांडीची कातडी काढून लावावी लागली. तिथे आता मालिश, प्रेशर गारमेंट (व्रणावर दाब देणारा घट्ट कपडा) आणि कोपर सरळ ठेवण्याचा व्यायाम बरेच महिने चालेल.

घरी जाताना आजोबांना सांगितलं की नव्या कातडीला ऊन लागू द्यायचं नाही, खोबरेल तेल लावत राहायचं.

“मग औंदा वारीला ह्याला नेत न्हाई,” ते म्हणाले. “पुढल्या साली खांद्यावर घिऊन जाईन.”