राहिला, की ठेवलास?

सुवर्णमहोत्सवी अंकासाठी शाळेची आठवण लिहा म्हटल्यावर मला आधी आठवलं ते एक क्रियापद. आमच्या मराठीच्या बाईंना 'राहिला' चालत नसे. 'बाई, निबंध राहिला' असं कोणी म्हटलं की त्या चष्मा कपाळावर सरकवून विचारायच्या, 'राहिला, की ठेवलास?' वर्ग खिदळायचा आणि उभा असलेला वहीत तोंड खुपसायचा.

आठवीत त्यांनी अख्खा तास या एका कुळातल्या शब्दांवर घालवला. (त्या दिवशीचा धडा त्यापायी पुढे ढकलला गेला, ते वेगळं.) चालढकल करणाऱ्याला काम करायचं असतं, फक्त आज नको असतं, टाळाटाळ करणाऱ्याला ते करायचंच नसतं. सहल पुढे ढकलली तर नवी तारीख मिळते, लांबणीवर पडली तर असलेलीही जाते. सभा तहकूब होते, लग्न नाही. आणि भिजत घोंगडं? 'भिजलं की इतकं जड होतं, की उचलायला कोणी पुढे येत नाही,' बाई म्हणाल्या.

पुढे सरकारी नोकरीत तो तास रोज कामी आला. 'प्रकरण प्रलंबित आहे', 'प्रस्ताव विचाराधीन आहे', 'काम रखडले आहे'. एकाही वाक्यात माणूस सापडायचा नाही. 'रखडवले' लिहिलं की 'कोणी?' असा प्रश्न येतो, म्हणून ते कोणी लिहीत नाही.

मग सरकारी कर्मचाऱ्यांच्या बदल्या आणि कामातला विलंब यांबाबतचा महाराष्ट्राचा 2005चा अधिनियम आला. कोणतीही नस्ती, म्हणजे फाइल, एका कर्मचाऱ्याकडे एरवी कामाच्या सात दिवसांहून जास्त पडून राहू नये, अशी त्यात तरतूद आहे. त्याच्या लांबलचक नावात 'विलंब' आहे. लोक मात्र त्याला 'दप्तर दिरंगाईचा कायदा' म्हणू लागले. लोकांचं बरोबर होतं. विलंब गाडीलाही होतो, दिरंगाई माणूसच करतो.

टेबलावरचे ढीग कमी झाले खरे, पण एक जुनाच शेरा जास्त दिसू लागला. सातव्या दिवशी समासात दोन शब्द लिहायचे, 'चर्चा करावी'. खाली सही, तारीख, आणि नस्ती परत खालच्या टेबलावर. तिथे तिचे नवे सात दिवस सुरू. चर्चा कोणी, कोणाशी, केव्हा करावी, ते शेऱ्यात नसे.