तुम्ही विचारलंत म्हणून: पहिलं झाड कसं होतं?

फॉसिल्सबद्दल काही लिहिलं की हा प्रश्न येतोच, जगातलं पहिलं झाड कुठलं? मी उलट विचारते, झाडाचं काय हवंय, खोड की मूळ? कारण झाड म्हणून आपण जे ओळखतो ते सगळं एकाच वनस्पतीने आधी जमवलेलं नाहीये.

न्यूयॉर्क राज्यात गिल्बोआ म्हणून जागा आहे, तिथे १९२० च्या दशकात धरणासाठी दगड काढताना उभेच्या उभे बुंधे सापडले, साधारण ३८.५ कोटी वर्षांपूर्वीचे. फॉसिल्सच्या अभ्यासक विनिफ्रेड गोल्डरिंग यांनी त्या झाडाला नाव दिलं इओस्पर्मॅटोप्टेरिस, पण वरचा भागच गायब! तो कसा होता ते कळायला २००७ उजाडलं, जवळपासच शेंड्यासकट झाड मिळालं तेव्हा. आपल्याला माहिती तशी पानं नाहीतच, नुसता फांद्यांचा झुबका, आणि त्या फांद्या गळून पडायच्या.

खोड तर त्याहून विचित्र. याच गटातलं एक चीनमधल्या शिनजियांगला मिळालं, त्यावरचा अभ्यास २०१७ चा. मधे पोकळ, कडेने लाकडाच्या शेकडो दोऱ्या, प्रत्येक दोरी आपापली जाड होत जाणार, मग त्यांना जोडणाऱ्या दोऱ्या ताणून फाटणार, परत सांधल्या जाणार... म्हणजे स्वतःला फाडत फाडत वाढायचं! आजचं कुठलंच झाड असं करत नाही.

पण मला विचाराल तर खरी मजा खाली बघण्यात आहे. गिल्बोआपासून साधारण ४० किलोमीटरवर केरो नावाचं गाव आहे, तिथल्या बंद पडलेल्या खाणीत जंगलाची अख्खी जमीनच दगड होऊन पडलीये. उभं खोड एकही नाही, फक्त मुळांचे ठसे. हे जंगल गिल्बोआच्याही थोडं आधीचं. इओस्पर्मॅटोप्टेरिसची मुळं बारीक, आखूड, फाटे न फुटणारी, म्हणजे फार टिकत नसणार. आणि त्याच जमिनीवर आर्किओप्टेरिस नावाच्या दुसऱ्या एका झाडाची मुळं, जाडजूड, फाटे फुटत गेलेली, काही तर ११ मीटरपर्यंत पसरलेली, थेट आजच्या झाडांसारखी. अशी मुळं दगड फोडतात, त्यातली खनिजं पाण्याशी आणि कार्बन डायऑक्साइडशी रिअ‍ॅक्ट होतात आणि हवेतला कार्बन शेवटी समुद्राच्या तळाशी जातो, म्हणून हवामानवाले लोकही या खाणीत रस घेतात.

बाकी आर्किओप्टेरिसला पानं होती, लाकूड पाइनच्या लाकडासारखं होतं. बिया मात्र नव्हत्या, नेच्यांसारखे बीजाणूच.